शिंगराची झूल

चाळिसाव्याचं जेवण आटोपलं, फातिहा पढून मौलवी गेले, गल्लीतल्या बायका आपापली भांडी घेऊन परतल्या, आणि मग घरात तेवढीच माणसं उरली ज्यांना एकमेकांशी बोलायचं होतं आणि बोलायला नको होतं.

दिलदार शिलाईच्या ओट्यावर बसला होता. मशीनवर चादर टाकलेली होती. बायको, शमशाद, गेली त्या दुपारी टाकलेली, अजून कुणी काढली नव्हती. पोरगी जन्मली पहाटे आणि आई गेली दुपारी, म्हणून चाळिसावाही दोघींचा एकाच दिवशी आला होता. एकीचा दिवस जेवण घालून झाला होता. दुसरीचा अजून व्हायचा होता.

जुलेखानं मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली. ती शमशादची थोरली बहीण, कोडोलीला दिलेली. नवरा जोतिबाच्या डोंगरावर बांगड्यांचं दुकान लावायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"डाव्या हातानं सोडलीस न्हवं?" कोपऱ्यातून अमीरबी म्हणाली. दिलदारच्या आईला आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

"तुमाला दिसतंय व्हय, मावशी?"

"दिसाय कशाला पायजे? तुमी दोघी भैणी सारख्याच. तुमच्या आईनं मारून मारून बघितलं, हात काय बदलला न्हाय."

 जुलेखानं गाठोड्यातून हिरवा रेशमी कुर्ता काढला, टोपडं काढलं. टोपड्याला गोट लावलेला होता. सगळं नवं होतं, मापाचं होतं. चमननं हात पुसून कुर्ता उचलला आणि पाळण्यातल्या पोरीवर आडवा धरून बघितला.

"बरोबर बसतोय की, आपा."

चमन ही धाकट्या रफिकची बायको. तिच्या कडेला अकरा महिन्यांचं लेकरू होतं, आणि चाळीस दिवस ती स्वतःच्या लेकराबरोबर या पोरीलाही दूध देत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. थोरली मुलगी पाच वर्षांची, ती दाराशी चिंचोके मांडून बसली होती.

या घराण्यात पायंडा असा होता की चाळीस दिवस लेकराच्या अंगावर जुनंच कापड. म्हाताऱ्या माणसाच्या वापरलेल्या धोतराचं, नाहीतर पातळाचं. लेकरू जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. शिंप्याचं घर असलं तरी नाही, उलट शिंप्याचं घर म्हणून जास्तच नाही. चाळिसाव्या दिवशी पहिला शिवलेला कपडा घालायचा. आणि तो ज्या घरून आला, त्या घरी लेकरानं पहिला पावसाळा काढायचा. आई जिवंत असताना याचा अर्थ एवढाच होता की बाळंतिणीला माहेरी चार महिने सुखानं मिळायचे. आता आई नव्हती. आता त्याचा अर्थ काय होतो, ते सगळ्यांना कळत होतं.

"पिराजीची गाडी तिठ्यावर उभी हाय," जुलेखा म्हणाली. "दिस हाय तवर केर्लीच्या पुढं गेलं पायजे. शेळी व्यालीय आमची, दुधाची काळजी न्हाय. पाळणा पण बांधलाय."

"पावसाळा सरला की आणतीस न्हवं परत?" अमीरबीनं विचारलं.

"आणीन की."

हे ती चटकन म्हणाली. फार चटकन. रफिकनं भावाकडे बघितलं.

"दादा, तू काय बोलशील का न्हाय?"

"मी शब्द दिलाय," दिलदार म्हणाला. "न्हेऊ दे."

पंधरा दिवसांमागं जुलेखानं विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला होता. त्या वेळी त्याला कुणी घर मागितलं असतं तरी तो हो म्हणाला असता. पोरीला त्यानं अजून हातात घेतलं नव्हतं. बघायचा, पण लांबून, जसं दुसऱ्या शिंप्याच्या दुकानातलं कापड बघावं तसं.

"व्हय बाई, शब्द दिलाय," अमीरबी म्हणाली. "शिंप्याच्या घरात एक झबलं मिळंना पोराला, मग दुसरं काय हुनार?"

हे लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती. पण खरंही होतं. दिलदारची सुई चाळीस दिवस टोपीत खोचलेली होती ती तशीच होती.

चमननं कुर्ता खाली ठेवला. "घाला की मग, आपा. दोघींना पाजून माझा जीव मेटाकुटीला आलाय, खोटं कशाला बोलू?"

जुलेखानं पोरीला पाळण्यातून उचललं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हायत का दिलदारभाई?"

कृष्णात होता, दरबारच्या पागेतली घोडी सांभाळणारा मोतद्दार. या घरात तीन पिढ्या पागेच्या झुली शिवल्या जायच्या, आणि महाराज गादीवर आल्यापासून ही बारा वर्षं काम वाढलंच होतं. कृष्णातच्या काखेत एक घडी होती. घरातली शांतता बघून तो उंबऱ्यावरच थांबला.

"आज... चाळिसावा व्हय? मला काय ठाऊक न्हाय बघा. उद्या येतो."

"आलायस तर बस," अमीरबी म्हणाली. "जेवल्याबिगर जायाचं न्हाय. काय काम काढलंस?"

"काम म्हंजे..." कृष्णात पायताण काढून आत आला. "महिन्यामागं झुलींचा गठ्ठा आलता न्हवं का तुमच्याकडनं? बाकी झुली झ्याक हायत. पण ही एक कुठल्या जनावराची, ते काय कळंना."

त्यानं घडी उलगडून सतरंजीवर टाकली.

पांढऱ्या धुवट मांजरपाटाची ती होती. कडेनं दरबारच्या झुलींना असते तशी तांबडी पट्टी. वर गळ्याचा गोल, छातीशी दोन बंद, पोटाशी दोन बंद. बाकी सगळं झुलीसारखं, फक्त एवढीशी.

"शिंगराची न्हाय?" रफिक म्हणाला.

"कुठल्या शिंगराची ओ? काल जन्मलेल्या शिंगराला घातली तर मानंवरच बसली. सगळी पागा हसाय लागली. एक म्हणाला कुत्र्याची आसंल. मी चित्तेवानाला विचारलं, चित्त्याच्या पिल्लाला शिवून घेतलीया का? तो म्हणतोय, आमच्यात अजून पिल्लूच न्हाय. शेवटाला मी करडाला घालून बघितली."

"मग?"

"करडानं बंद खाल्ला. ह्यो बघा."

खरंच एक बंद चघळलेला होता. दाराशी बसलेली थोरली फिसकन हसली. चाळीस दिवसांत त्या घरात हसलेलं ते पहिलं माणूस. कुणी तिला गप्प केलं नाही.

दिलदारनं ती ओळखली होती. शमशाद हीच शिवत बसायची, पाचव्या-सहाव्या महिन्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, या ओट्यावर. त्यानं एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली होती, शिंगराच्या झुलीचा नमुना हाय. तो म्हणाला होता, माप चुकलंय, असलं शिंगरू कुठं असतं? ती म्हणाली होती, असतं, तुमी बघितलं न्हाय अजून. मग तो कामाला लागला होता. आणि ती गेल्यावर रफिकनं झुलींचा गठ्ठा बांधला, तेव्हा हीही त्यातच गेली.

"आण इकडं," अमीरबी म्हणाली.

कृष्णातनं ती तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं बोटं फिरवली. गळा, बंद, पट्टी. मग पाठीवर बोटं थांबली. मागं आली, परत पुढं गेली.

"ह्यात दुमडी हायत."

"कुठं?"

"पाठीला आडव्या तीन. एकीवर एक. बाजूला उभ्या पण हायत. आनि हे काय? आत काय तरी दडवलंय. दिलदार, हे बघ."

दिलदार ओट्यावरून उतरला. उतरायचं त्यानं ठरवलं नव्हतं, पण उतरला. त्यानं कापड उजेडाकडे धरलं. म्हातारी बरोबर होती. कापड दुमडून दुमडून आत घेतलं होतं, इतकं चापून की वरून पट्ट्यांची नक्षी वाटावी. आणि एक गंमत होती. तांबडी पट्टी आणि गळा पक्क्या टिपेनं शिवला होता, बारीक, आयुष्यभर उसवू नये असा. दुमडी मात्र कच्च्या टिपेनं. चांगला शिंपी कच्ची टीप काम झाल्यावर काढून टाकतो. शमशाद चांगली शिवायची, हे त्याला ठाऊक होतं. मग कच्ची टीप ठेवून झूल संपवली कशी?

"विसरली आसंल," रफिक म्हणाला.

"ती इसरायची न्हाय."

दोरे तीन रंगांचे होते. वरच्या दुमडीला पांढरा, मधलीला हळदी, तळच्या दुमडीला तांबडा. प्रत्येक दोऱ्याचं टोक बोटभर बाहेर सोडून त्याला गाठ मारलेली होती.

"ही गाठ कशाला?" चमन वाकून बघत म्हणाली.

दिलदारनं पांढरी गाठ चिमटीत धरली आणि ओढली. दोरा आख्खाच्या आख्खा सरकन बाहेर आला. दुमड सुटली, पाठ चार बोटं लांब झाली, आणि बाजूला आत घडी घालून दडवलेल्या दोन नळ्या बाहेर पडल्या.

"अगं बाई!" चमन म्हणाली. "हाताच्या बाह्या हायत की ह्या!"

कृष्णात मागं सरकला. "शिंगराला बाह्या?"

 ती वस्तू सतरंजीवर पडली होती आणि आता ती झूल नव्हती. समोरून उघडं, बंद बांधायचं अंगडं होतं. सहा जण बघत होते आणि त्याच कापडानं त्यांच्यासमोर दुसरं रूप घेतलं होतं.

"मला न्हाय ठाऊक हुतं," कृष्णात हळू म्हणाला. "पण भाबींनी मला विचारलतं. तुमच्याबरोबर माप घ्यायला आल्या हुत्या बघा पागेत. शिंगरू वरसात किती वाढतं? म्हटलं, भाबी, डोळ्यांदेखत वाढतंय, दर तीन म्हैन्याला झूल नवी लागती. तर म्हणाल्या, मग वाढ कापडातच ठेवली तर? मला वाटलं झुलीचंच बोलत्यात."

"झुलीचंच बोलत हुती," अमीरबी म्हणाली. "दुसरं काय बोलनार? जन्मायच्या आधी पोराचा कपडा शिवायचा न्हाय. मीच सांगितलं हुतं तिला, धा वेळा सांगितलं." म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. "घोड्याचं नाव सांगून माझ्या पुढ्यात शिवला तिनं. आनि दोऱ्याचं रीळ मीच धरून बसले."

दिलदारनं हळदी दोरा ओढला. आणखी चार बोटं. बाजूची उभी दुमड सुटून कापड रुंदावलं. रुंदी वाढली की बंद नव्या जागी अडकवायला आत फासे होते, तेही दिसले. मग तांबडा. त्याला थांबता येईना. चाळीस दिवसांत त्याला कशाचंच कुतूहल वाटलं नव्हतं, जेवणात काय आहे याचंही नाही, आणि आता ही दुमड कशी घेतलीय, कोन कुठं मुरवलाय, बाहीची घडी काखेत कुठं जिरवलीय, हे बघितल्याशिवाय श्वास घेववेना.

शेवटचा दोरा निघाला. अंगडं आता चांगलं हातभर लांब झालं होतं.

चमन उठली. तिनं ते उचललं आणि दाराशी जाऊन थोरलीच्या पाठीला लावलं. खांद्याला खांदा बरोबर. लांबी गुडघ्याला बरोबर.

"हिचंच माप हाय," ती म्हणाली. "सुतळी घेऊन मापायची शमशाद हिला. आनि कडंवरच्याला पण. मी विचारलं तर म्हणायची, खेळ हाय माझा." ती जुलेखाकडे वळली. "आपा, पाच वरसांचं शिवून ठेवलं हुतं तिनं."

"तिला ठाऊक हुतं का?" रफिकनं विचारलं. "म्हंजे... आपण न्हाय ऱ्हानार, असं?"

दिलदार हातातल्या तीन दोऱ्यांकडे बघत होता. शमशादच्या गाठी. तो उजव्या हाताचा माणूस, आणि ओढताना प्रत्येक वेळी त्याला मनगट वाकडं करावं लागलं होतं.

"न्हवतं ठाऊक," तो म्हणाला. "गाठी डाव्या अंगाला ठेवल्यात. सोताला ओढायला."

जुलेखाच्या मांडीवर पोरगी कुरकुरली. जुलेखानं तिला हलवलं, पण तिचं लक्ष कापडावर होतं.  मग कोरड्या आवाजात म्हणाली, "झालं न्हवं बघून? सगळं उसवून बसलासा. आता हे पाच वरसांच्या पोरीचं झालं. हिला कसं घालनार?"

ती खरं बोलत होती. दिलदारनं खाली बघितलं. शमशादनं दोन महिने घोड्याच्या नावाखाली केलेलं काम त्यानं घटकाभरात उसवलं होतं. कुठल्याही शिंप्यानं हेच केलं असतं. दुसऱ्याची टीप दिसली की आत काय आहे ते बघितल्याशिवाय शिंप्याला राहवत नाही, आणि बायकोची टीप तर त्यानं कधी नीट बघितलीच नव्हती.

तिठ्यावरून पिराजीची हाक आली. "ओ ताई! निघायचं का न्हाय? बैलं सोडू काय?"

"आलेऽ!" जुलेखा ओरडली, आणि तिनं हिरवा कुर्ता उचलला.

"आपा," दिलदार म्हणाला. "जरा थांब."

"कशाला?"

"मला घालू दे परत दुमडी."

त्यानं टोपीतली सुई काढली. गंज धरला होता. केसांतून दोनदा ओढली, अंगरख्याला पुसली. चमननं न सांगता तिन्ही दोरे सरळ करून त्याच्यापुढं ठेवले. कापड त्यानं मांडीवर घेतलं, आणि मग अडला. दुमड नेमकी कुठवर घ्यायची?

"माप पायजे," तो म्हणाला.

 माप कुणाचं, ते सगळ्यांना कळलं होतं. जुलेखानं पोरीला आवळून धरलं, मग हळूहळू हात सैल केले आणि तिला सतरंजीवर ठेवलं.

दिलदारनं टेपेकडे हात नेला नाही. त्यानं आपली वीत पोरीच्या पाठीवर ठेवली, मानेपासून. वीत कंबरेच्या खाली गेली. पाठ ऊन होती. बोटांखाली ती एकदा अंग ताणून लांब झाली आणि परत आक्रसली. एवढ्यानंच माप दोन बोटं बदललं.

"हलतीया," तो म्हणाला. जसं काही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हलनारच की," अमीरबी म्हणाली. "कापड हाय व्हय ते?"

तो शिवायला बसला. दोन टाके घातले आणि ध्यानात आलं की त्याला माप लागणारच नव्हतं. शमशादच्या सुईची भोकं कापडात तशीच होती. उजेडात धरलं की ओळीनं दिसत होती. फक्त ती उलटी जात होती, डाव्या हाताच्या माणसाची. तो उजवीकडून निघाला की टाका तिरपा बसायचा. मग त्यानं कापड फिरवून घेतलं, दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली, आणि सुई एकेका भोकात सोडत गेला. तांबडी झाली. मग हळदी. मग पांढरी, पण बाह्या त्यानं बाहेरच राहू दिल्या. आता दडवायचं कुणापासून?

पिराजी दोनदा हाका मारून गप्प झाला. कृष्णात ताटावर बसला होता, पण घास हातातच होता.

शेवटची गाठ मारून दिलदारनं दोरा दातानं तोडला.

"आपा, मी तुला शब्द दिला हुता. तो मी मागं घेतोय."

जुलेखाचा चेहरा तापला. "घोड्याच्या झुलीपायी?"

"व्हय."

"माझ्या दारात पाळणा टांगलाय, दिलदारभाई. गावाला सांगून आलीया मी. आता रिकामी गेले तर काय म्हणतील बायका? आनि हितं कोन करनार हिचं? तुमी? चाळीस दिस तोंड फिरवून बसलेला मानूस तुमी!"

"हाय मी, आपा," चमन म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "मघाशी बोलले ते खरं हुतं. आनि हे पण खरं हाय. दूध काय लगेच आटत न्हाय."

"तू पण फिरलीस व्हय?"

"फिरले."

 दिलदारनं अंगडं दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढं धरलं.

"तू घाल. पहिला कपडा तुझ्या हातनं चढू दे. गाठी बघ."

"काय बघू?"

"डाव्या अंगालाच ठेवल्यात. ह्या घरात डावरं आता कोन न्हाय."

जुलेखानं खाली बघितलं. पांढरी, हळदी आणि तांबडी, तीन गाठी डाव्या कडेला होत्या. तिनं एकीवर बोट ठेवलं. ओढली नाही, नुसतं बोट ठेवलं.

"पहिली कधी?"

"पावसाळा सरला की. न्हायतर आधी, वाढली तर. तू आल्याबिगर कोन हात लावनार न्हाय."

"आनि मी आलेच न्हाय तर?"

"तर अंगडं आखूड हुईल, आनि ही आखूडच घालून फिरंल. कोडोलीपतुर बोभाटा हुईल तुझा."

"बघा की मावशी, कसा बोलतोय," जुलेखा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. तिनं पोरीचा एक हात बाहीतून काढला, मग दुसरा. छातीचे बंद बांधले. पोटाशी एक बंद चघळलेला होता, त्याची उरलेल्या शेपटीवर गाठ मारली. हिरवा कुर्ता तिनं घडी करून गाठोड्यात ठेवला, परत काढला, आणि पाळण्याच्या दांडीवर टाकला.

"ह्यो पण घाला. पंधरा दिस तरी हुईल."

पोरीला तिनं दिलदारच्या हातांत दिलं आणि मागं न बघता तिठ्याकडे निघाली. चमन तिच्या मागं धावली, शेळीच्या दुधात ओवा घालतात का हे विचारायला. खरं म्हणजे तिला ते विचारायचं नव्हतं.

कृष्णातनं ताटात हात धुतला. "मग दिलदारभाई, माझी एक झूल कमी पडली की."

दिलदारनं पोरीला खांद्यावर घेतलं. ती जड नव्हती, पण वाटली त्यापेक्षा लांब होती.

"उद्या येतो माप घ्यायला. शिंगरू केवढं झालंय?"

"केवढं म्हणजे? काल जन्मलंय."

"मग बाह्या सोडून सगळं असंच शिवतो," दिलदार म्हणाला, आणि मोकळ्या हातानं मशीनवरची चादर ओढली.